सहाव्या होलनंतरची अकरा मिनिटं

गोल्फच्या मैदानावर नऊ होल होते आणि सात झेंडे. उरलेल्या दोन होलांत बांबूच्या काठ्या रोवून त्यांना तागाच्या पोत्याचे तुकडे बांधले होते. हद्दीच्या आत दोन तळी, एक चालू आणि एक बंद हातपंप, कदंबाची अकरा झाडं, त्यांतल्या तीन झाडांखाली सिमेंटची बाकं, आणि चरणाऱ्या चौदा शेळ्या. खेळायला आलेली माणसं बाबांना धरून चार. बॅगा वाहणारे कॅडी दोन. हे सगळं मी पहिल्याच दिवशी, म्हणजे चार ऑक्टोबरच्या शनिवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वहीत लिहिलं. बाबा टेबलापाशी पावती घेत होते आणि मला दुसरं काही काम नव्हतं.

बाबा म्हणजे दिगंबर पोंक्षे, वय एकोणसाठ, केंद्र सरकारच्या भूगर्भ खात्यात खडकांचे नकाशे करणारे अधिकारी. चौतीस वर्षांत सात बदल्या झाल्या, त्यांतली शेवटची कोलकात्याला. सॉल्ट लेकमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहतो: बाबा, आई आणि मी, नूपुर. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि पीएचडीच्या प्रवेशाची वाट बघत त्या वर्षी घरीच होते.

जुलैत बाबांच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत स्टेंट घातले. ऑगस्टमध्ये ते पुन्हा ऑफिसला जायला लागले, पण टेबलावर. पुरुलियाच्या बाजूच्या एका नकाशावर ते सहा हिवाळे काम करत होते. त्यातला ईशान्येचा कोपरा तेवढा राहिला होता, नऊ चौरस किलोमीटर. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते, म्हणजे हा शेवटचा हिवाळा. खात्याच्या वैद्यकीय मंडळाने एकच अट घातली. एकोणीस डिसेंबरला सहा मिनिटं चालण्याची चाचणी होईल. सहा मिनिटांत साडेचारशे मीटर अंतर कापलं तर जानेवारीत पुरुलियाच्या कॅम्पला जाता येईल. नाही तर तो कोपरा उन्मेष करेल. उन्मेष हा बाबांच्या हाताखालचा तरुण अधिकारी.

"पोरगा चांगला आहे," बाबा म्हणाले, "पण खडक फोडायच्या आधी त्याचा फोटो काढतो."

बारा सप्टेंबरला झालेल्या पहिल्या चाचणीत बाबा तीनशे अडतीस मीटर चालले होते.

चालणं वाढवायला हवं हे सगळ्यांनाच कळत होतं. आमच्या ब्लॉकमध्ये बाग आहे, तिला फरशीची गोल वाट आहे, संध्याकाळी तिथे निवृत्त माणसं फेऱ्या मारतात. बाबांनी सप्टेंबरभर रोज वीस मिनिटं तिथे काढली, पण तक्रार करत. "त्याच खडकापाशी एका संध्याकाळी अकरा वेळा जायचं. कशासाठी? पहिल्या वेळी जे दिसलं तेच अकराव्या वेळी दिसतं." त्यांना कुठेतरी पोचण्यासाठी चालायची सवय होती. डॉक्टरांना त्यांनी हेच सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, मग गोल्फ खेळा, बॉलच्या मागे जावंच लागतं.

बाबांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेतलं.

"गोल्फ?" आई म्हणाली. "अहो, तुमच्या घरात कॅरमच्या पलीकडे कुणी काही खेळलंय का? तेही पावडर सांडते म्हणून बंद झालं."

"डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टर तेल कमी करा असंही म्हणाले होते. ते नाही ऐकू आलं."

शोधाचं काम माझ्याकडे आलं. मी एक तक्ता केला. त्यात चार रकाने होते: सभासद व्हावं लागतं का, ज्याने आयुष्यात कधी काठी धरली नाही त्याला खेळू देतात का, लोकल किंवा बसने पोचता येतं का, आणि चालावं लागतं का. मग फोन करायला बसले. बहुतेक संभाषणं एकाच वळणाने गेली.

"मेंबर आहात?"

"नाही."

"कुणा मेंबरचे पाहुणे म्हणून येणार?"

"नाही. कुणी ओळखीचं नाही."

"मग, मॅडम, तुमची नेमकी चौकशी काय आहे?"

"वडिलांना खेळायचंय. एकोणसाठ वर्षांचे आहेत. नवीन आहेत."

यावर पलीकडचा माणूस अर्ज कुठे मिळतो ते अगदी सभ्यपणे सांगायचा. एका ठिकाणी प्रतीक्षायादी होती. ती किती वर्षांची आहे असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्या वडिलांसाठी विचारताय ना? मग जाऊ द्या." बराकपूरच्या बाजूला फौजेतल्या कुणाची तरी ओळख लागेल असं कळलं. आमच्या ओळखीचे सगळे बँकेतले आणि भूगर्भातले. एक सरावाची जागा सापडली, तिथे कुणीही जाऊ शकत होतं, पण एकाच चटईवर उभं राहून जाळीत बॉल मारायचे होते. तिच्या चौथ्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

तक्त्याबाहेरचं उत्तर मिळालं ते धर्मतल्ल्याला, जुन्या खेळसामानाच्या दुकानात. मी तिथे वापरलेल्या काठ्या बघायला गेले होते. दुकानदार सत्तरीचा होता. त्याने सहा काठ्या आणि एक खाकी बॅग काढून दिली, मुठींवर नवी पट्टी गुंडाळून दिली आणि विचारलं, खेळणार कुठे? मी म्हटलं, तेच कुठे मिळत नाहीये.

"बजबजला जा," तो म्हणाला. "चटकलाचं मैदान. साहेबलोकांनी केलं, साहेबलोक गेले. आता कामगारांची कमिटी बघते. दिवसाची पावती फाडायची आणि खेळायचं. तिथे तुम्हाला कुणी बूट बघून हाकलणार नाही, शेळ्याच जास्त आहेत."

चटकल म्हणजे तागाची गिरणी. पावती दोनशे रुपयांची होती. सियालदाहून लोकल, पुढे टोटोने, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षाने, दहा मिनिटं. चारही रकाने भरले.

गोष्ठ नस्कर हा कॅडी आम्हाला पहिल्या दिवशीच मिळाला. वय सहासष्ट, अंगात फिकट निळा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. चाळीस वर्षं गिरणीच्या कताई खात्यात होता, आणि लहानपणी साहेबांचे बॉल शोधायला यायचा. बंगालीत काकाला काकू म्हणतात, म्हणून मी त्याला गोष्ठकाकू म्हणायला लागले. आईला घरी सांगितलं तर तिला आठवडाभर पुरलं. "तुझी काकू मिशा ठेवते का गं?"

बाबांनी पहिला बॉल पाचव्या प्रयत्नात हलवला. आधीच्या चार वेळी काठी हवेतून गेली.

"सर," गोष्ठकाकू हिंदीत म्हणाला, "बॉलने तुमचं काही वाकडं केलंय का?"

"का?"

"एवढं रागाने मारताय म्हणून विचारलं. तो कुठे पळत नाही. आरामात मारा."

पाचव्या वेळी बॉल उडाला आणि उजवीकडच्या तळ्याच्या काठावर जाऊन पडला. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सत्तर मीटर?" मी नंतर मोजलं, चौसष्ट होतं.

त्या मैदानाची रीत अशी होती की कॅडी बॅग खांद्यावर घेऊन पुढे जायचा, बॉल कुठे पडतो ते बघायचा, झुडपात गेला तर काढून आणायचा आणि पुढच्या फटक्यासाठी जागा दाखवायचा. झेंडा धरायला वेगळा माणूस नव्हता, म्हणून ते काम मी घेतलं. प्रत्येक होलपाशी मी आधीच जाऊन उभी राहायचे. बाबा खेळत खेळत माझ्याकडे यायचे. बाबांच्या फोनवर मी चाललेलं अंतर मोजणारं अॅप टाकलं होतं. घरी आल्यावर आकडा तक्त्यात चढवायचा.

पहिल्या दिवशीचा आकडा होता ५.९ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ६.२.

हे अपेक्षेपेक्षा चांगलं होतं. सप्टेंबरमधल्या बागेच्या फेऱ्या आठवड्याला मिळून साडेआठ किलोमीटर व्हायच्या. इथे शनिवार-रविवार दोनच दिवसांत बारा. डॉक्टरांनी सांगितलेलं लक्ष्य आठवड्याला बारा किलोमीटरचं होतं.

"मग संध्याकाळची बाग?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती.

मी तक्ता बघितला. "आकड्यांप्रमाणे गरज नाही."

"वृंदा, ऐकलंस? शास्त्रीय मत आहे."

"शास्त्र तुमच्या सोयीचं निघालं की लगेच पटतं," आई म्हणाली.

बाग बंद झाली. पुढचे सगळे शनिवार-रविवार आम्ही बजबजला गेलो, कालीपूजेच्या आधीचा रविवार सोडून. बाबांचे नऊ होलांचे फटके पहिल्या दिवशी सत्त्याण्णव होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते बहात्तरवर आले. त्यांना खेळ आवडायला लागला होता. ऑफिसातून आल्यावर ते दिवाणखान्यात छत्री उलटी धरून उभे राहायचे आणि खांदे फिरवायचे. एका रविवारी त्यांनी चौथ्या होलवर लांबून मारलेला बॉल सरळ भोकात गेला, तेव्हा त्यांनी टोपी काढून शेळ्यांना सलाम केला. अंतराचा आकडा साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये स्थिर होता. मी त्यावरून एक रेषा काढली. रेषेनुसार एकोणीस डिसेंबरला बाबा चारशे सत्तर मीटर चालायला हवे होते. बाबांनी कॅम्पसाठी नवे मोजे घेतले आणि ईशान्येच्या कोपऱ्याचा नकाशा ऑफिसातून घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. आई त्याच्यावर ताटं ठेवू देत नव्हती, म्हणून आठवडाभर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

पंधरा नोव्हेंबरच्या शनिवारी संध्याकाळी आई मटार सोलत होती आणि बाबा चहा पीत होते. मी फोनमधला त्या दिवशीचा आकडा उतरवून घेत होते. अॅपमध्ये आकड्याखाली नकाशावर निळी रेघही असते, वाट कुठून कुठे गेली ती. आतापर्यंत मी ती कधी उघडली नव्हती. मला आकडा हवा होता, तो वर मिळत होता. त्या दिवशी बोट चुकून खाली लागलं.

"बाबा," मी म्हटलं, "सहाव्या होलनंतर तुम्ही गिरणीच्या चाळीत कुणाकडे जाता?"

"कुठल्या चाळीत?"

"कुंपणाच्या पलीकडे. दुसऱ्या ओळीतलं शेवटचं घर. आज अकरा मिनिटं होतात तिथे."

आईने शेंग खाली ठेवली. "कुणाकडे अकरा मिनिटं?"

"मी कुणाकडेही जात नाही," बाबा म्हणाले.

"रेघ जाते," मी म्हटलं. बाकीचे दिवस उघडून बघितले. "मागच्या रविवारी पण. नऊ मिनिटं. त्याच्या आदल्या दिवशी बारा."

"अहो, हार्ट पेशंटला असं चोरून कुणाकडे चहा-भजी खायला जायचं असतं का? का भजीच्याही पुढचं काही आहे?"

"वृंदा, मी सहाव्या होलनंतर बाकावर बसतो! कदंबाखाली. तेव्हा गोष्ठ पाणी प्यायला त्याच्या घरी…"

बाबा थांबले. मीही थांबले. आईच तेवढी बोलत राहिली, "बाकावर कशाला बसता? चालायला जाता ना?"

"फोन कुठे असतो, बाबा?"

"बॅगेत. बाजूच्या कप्प्यात."

"खिशात ठेवायचा असं ठरलं होतं."

"खिशात फुगतो. काठी फिरवताना मांडीला लागतो. दुसऱ्याच होलपासून बॅगेत टाकला." त्यांनी कप खाली ठेवला. "माझी बॅग आहे. मला वाटलं, मी जिथे जातो तिथे ती असणारच. चौतीस वर्षं पाठीवरच होती."

बॅग गोष्ठकाकूच्या खांद्यावर होती. गोष्ठकाकू झुडपांत जात होता, तळ्याला वळसा घालत होता, वाकडा गेलेला बॉल आणून परत मागे येऊन जागा दाखवत होता, मध्येच घरी जाऊन पाणी पिऊन येत होता. बाबा मधल्या वाटेने सरळ चालत होते आणि वाटेत तीन बाकं होती. बारा खेळांत मिळून मी गोष्ठ नस्करने चाललेलं सगळं अंतर माझ्या वडिलांच्या नावावर लावलं होतं. मी झेंड्यापाशी उभी होते, तिथून त्यांना बसलेलं दोन-तीनदा बघितलंही होतं. पण आकडा हातात होता, म्हणून त्या बसण्याचं काही वाटलं नाही.

"सहा आठवडे," मी म्हटलं. "संध्याकाळचं चालणंही मीच बंद केलं. चूक माझी आहे."

"अर्धी," बाबा म्हणाले. "फोन मी काढला. वही आण."

मी तक्त्याचा छापलेला कागद आणला. रबर हातात घेतला, तो त्यांनी काढून घेतला. "फील्डच्या वहीत खोडायचं नसतं. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला तारीख आणि सही. दोन माणसांची चूक असेल तर दोघांची."

बारा आकड्यांवर मी बारा रेघा मारल्या. खाली आम्ही दोघांनी सही केली. आई म्हणाली, "झाली का कागदपत्रं? आता उठा आणि बागेत जाऊन या."

बाबा उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन फोन नेले. एक बॅगेत, एक बाबांच्या खिशात, रुमालात गुंडाळून. बाबांना नेहमीसारखंच खेळायला सांगितलं. बॅग ६.० किलोमीटर चालली. बाबा २.४. मैदानाच्या नऊ होलांची सरळ लांबी मी नकाशावर पट्टीने मोजली होती, ती १.७ होती.

गोष्ठकाकूला आम्ही सगळं सांगितलं. त्याला हसू आवरेना. त्याने दुसऱ्या कॅडीला बोलावून पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे सरांचं हार्ट माझ्या पायांनी बरं करत होता, दीदीमणी?"

"हो. तुम्ही एका खेळात सहा किलोमीटर चालता."

"रविवारी तीन खेळ असतात. तुमच्यानंतर दोन." त्याने बोटांवर हिशेब केला. "अठरा झाले की."

"दम लागत नाही?" बाबांनी विचारलं.

"गिरणीचा भोंगा झाल्यावर पळायला लागलं की लागायचा. आता भोंगाच नाही."

बाबा सात वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या माणसाच्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मी तुझ्याबरोबर येऊ का? प्रत्येक बॉलला?"

"झुडपात?"

"झुडपात, तळ्याला, सगळीकडे. घरीसुद्धा."

"घरी मुढी मिळेल. भजी नाही," गोष्ठकाकू म्हणाला. मुढी म्हणजे चुरमुरे, आणि भज्यांचं आईचं बोलणं बाबांनी त्याला सांगितलं होतं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चालणं आठवड्याला दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, छातीत दुखलं तर लगेच थांबा, घाई करून काही मिळणार नाही. तेहतीस दिवस होते.

क्वार्टरच्या तळमजल्यावर गाड्या लावायची लांब जागा आहे. तिथे मी खडूने तीस मीटरवर दोन खुणा केल्या. चाचणी अशीच असते: तीस मीटरच्या दोन टोकांमध्ये सहा मिनिटं ये-जा करायची, पळायचं नाही, हवं तर थांबायचं, पण घड्याळ थांबत नाही. सतरा नोव्हेंबरला बाबा तीनशे एकसष्ट मीटर चालले. म्हणजे दोन महिन्यांत तेवीस मीटर वाढले होते.

त्यानंतरचे दिवस सारखेच गेले. सकाळी ऑफिसच्या आधी बाग, संध्याकाळी बाग. बागेबद्दल ते आता काही बोलत नव्हते. शनिवार-रविवारी बजबज. मी झेंडा धरणं सोडलं आणि त्यांच्या मागून चालायला लागले. बाबा गोष्ठकाकूच्या मागे झुडपांत शिरायचे, काटे काढत बाहेर यायचे. बाकांवर आता शेळ्यांचा मालक बसायचा. खेळाकडे दुर्लक्ष झालं, फटके पुन्हा ऐंशीच्या वर गेले. एकदा चांगला सरळ बॉल गेला तर बाबाच वैतागले, "हा काय कामाचा? सरळ गेला तर चालणार किती?"

"सर, तुमच्यासारखं गिऱ्हाईक साहेबांच्या वेळेलाही नव्हतं," गोष्ठकाकू म्हणाला. "लोक बॉल हरवला की शिव्या देतात, तुम्ही सापडला की देता."

सहाव्या होलनंतर दोघं कुंपणाच्या फटीतून चाळीत जायचे. गोष्ठकाकूची बायको पितळी वाटीत मुढी आणि हिरवी मिरची द्यायची. बाबा उभ्याउभ्याच खायचे. बसलं की उठायला वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा मी त्यांना तिथे नदीच्या बाजूच्या मातीचं ढेकूळ हातात फोडताना बघितलं.

"काय आहे?"

"काही नाही. गाळ. इथे खाली शंभर-शंभर मीटर खडक लागत नाही." त्यांनी हात झटकले. "पुरुलियात एक ओढा आहे, कोपऱ्याच्या मध्यावर. त्याच्या एका काठाला ग्रॅनाइट आहे आणि दुसऱ्या काठाला अभ्रकाचा खडक. दोन्ही कुठे टेकतात ते पात्रात दिसायला पाहिजे. मी सहा वर्षांत तिथवर पोचलो नाही. दर वर्षी ती बाजू शेवटी ठेवली."

"का?"

"चढ आहे. म्हटलं, आधी सोपं उरकून घेऊ."

तीस नोव्हेंबरला खडूच्या खुणांमध्ये ते तीनशे सत्त्याण्णव मीटर चालले. चौदा डिसेंबरला चारशे अठ्ठावीस. मी नवी रेषा काढली. तीनच बिंदू होते, त्यामुळे तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला माहीत होतं.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "रेषा काय म्हणते?"

"चारशे एकोणचाळीस. अधिक-उणे बारा."

"म्हणजे चारशे एक्कावनही येऊ शकतात."

"येऊ शकतात. चारशे सत्तावीसही येऊ शकतात."

"शक्यता किती, साडेचारशेची?"

मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्यांनी विचारलं होतं आणि मला येत होतं. "सहात एक. फार तर पाचात एक."

"त्यापेक्षा कमी शक्यतेवर मी जमिनीत बोअरची भोकं पाडली आहेत," बाबा म्हणाले आणि भात वाढून घेतला.

"आणि पाणी लागलं का?" आईने विचारलं.

"कधी कधी."

आईने त्यांच्या ताटातला अर्धा भात परत पातेल्यात टाकला.

एकोणीस डिसेंबरला शुक्रवार होता. चाचणी सरकारी दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात होती. दोन टोकांना केशरी शंकू ठेवले होते, मध्ये दर तीन मीटरवर जमिनीवर पट्टी चिकटवली होती. बाबांनी नवे मोजे घातले होते. तंत्रज्ञ मुलगी होती, तिने त्यांच्या बोटाला क्लिप लावली, रक्तदाब घेतला आणि नियम वाचून दाखवले. आई बाकावर बसली. मला भिंतीपाशी उभं राहायला परवानगी मिळाली, बोलायची नाही.

"चला," तंत्रज्ञ म्हणाली.

बाबा निघाले. बजबजला चालायचे तसेच, थोडे पुढे वाकून, उजवा हात बॅगेचा पट्टा धरल्यासारखा छातीपाशी. शंकूपाशी वळताना ते फार लांब वळसा घेत नव्हते, हे गोष्ठकाकूने शिकवलं होतं, झुडपाला वळताना. पहिल्या दोन मिनिटांत पाच फेऱ्या झाल्या. तंत्रज्ञ दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य म्हणत होती, "छान चाललंय, अजून चार मिनिटं. छान चाललंय, अजून तीन मिनिटं." चौथ्या मिनिटाला त्यांचा सदरा पाठीवर ओला झाला. ते थांबले नाहीत. पाचव्या मिनिटाच्या सुरुवातीला त्यांनी एकदा भिंतीला हात लावला, पण पाय चालूच होते. आईने बाकावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. शेवटच्या मिनिटात ते दर पावलाला तोंडाने श्वास सोडत होते आणि त्यांची नजर समोरच्या शंकूवर होती.

"थांबा. आहात तिथेच."

बाबा उभे राहिले. तंत्रज्ञाने खुर्ची ओढून त्यांच्या मागे लावली, पण ते बसले नाहीत. ती वाकली, त्यांच्या उजव्या टाचेपाशी जमिनीवर खूण केली आणि मागच्या शंकूपासून टेप लावला. मी टेपचं दुसरं टोक धरलं. तिने आकडा वाचला, मी वाचला, मग तिने तो फॉर्मवर लिहिला.

पूर्ण फेऱ्या चौदा. वरचं अंतर एकवीस मीटर. एकूण चारशे एकेचाळीस मीटर. साडेचारशेला नऊ कमी; ईशान्येचा कोपरा उन्मेषकडे गेला.